थंडीतला मेनोपॉज: डोकं ताळ्यावर ठेवायला तुम्ही काय करता?

मैत्रिणींनो, नाशिकची थंडी पडली की लोकांना हुरडा आणि शेकोटीचे फोटो टाकायचे असतात, मी मात्र पहाटे चारला रजई भिरकावून पंखा लावते आणि घाम वाळला की परत कुडकुडत तीच रजई शोधते. नवरा म्हणतो निफाडचा पारा बघ आणि तुझा पंखा बघ. तेही चालवून घेतलं असतं, पण दिवसभर डोकं बधिर, कशात हात घालावासा वाटत नाही. पाळी थांबत आलेल्या, थांबलेल्या सगळ्यांनी आपापलं लिहा. "पॉझिटिव्ह राहा" लिहिणार असाल तर लांबूनच नमस्कार.

कॉलेजरोडवाली
बँकेत आहे. डिसेंबर एंडला काउंटरवर रोजचा माणूस समोर उभा आणि नाव म्हणून आठवेना, घरी येऊन रडले, वाटलं आपल्याला विसरायचा आजारच लागला. एका ठिकाणी "या वयात होतंच" म्हणून बोळवण झाली. दुसऱ्या डॉक्टर बाईंनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२, डी सगळं तपासायला लावलं, तर बी१२ पार तळाला! इंजेक्शनं घेतली, बरंच धुकं गेलं. राहिलं ते मेनोपॉजचं. त्यासाठी आकडेमोडीची कामं अकराच्या आत उरकते, दुपारनंतर नुसत्या सह्या आणि फायली.

निफाडची सून
आमची द्राक्षबाग आहे, ऐन थंडीत मणी फुगायचे दिवस, पारा फार उतरला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या, ड्रिप सोडायचं, तेव्हा मोटिव्हेशन आहे का नाही कोण विचारतं ताई. पण कुठली फवारणी झाली, कुठल्या बाईची किती हजेरी, सगळं डोक्यातून निसटायला लागलं. आता शेडच्या भिंतीवर मोठं कॅलेंडर लावलंय, काम झालं की तिथंच पेनानं खूण, सासरेबुवा पण तेच बघतात आता. आणि एकच जाड स्वेटर घालायचं सोडलं. आत सुती ब्लाऊज, वर पुढून बटणांचं पातळ स्वेटर, त्यावर शाल. वाफ आली की शाल वेलीच्या तारेवर, गेली की परत अंगावर. बाया हसतात, हसू द्या.

सिडकोकर
शाल तारेवर 😄 भारीच!

विज्ञानवाल्या बाई
शाळेत शिकवते म्हणून राहवत नाही. इस्ट्रोजेन खालीवर झालं की मेंदूतला तापमान सांभाळणारा भाग फार हळवा होतो, शरीर जरासं तापलं तरी तो घाम काढून थंड करायला बघतो, म्हणून थंडीतही वाफा येतात. घट्ट बंद खोली, जाड रजई, रात्रीचा कडक चहा यांनी माझं तरी वाढतं. आणि सगळ्या "कोवळं ऊन घे" म्हणतात ना, जानेवारीत आपल्याकडे सूर्यच सातनंतर उगवतो, त्या उन्हात ड जीवनसत्त्व फारसं तयार होत नाही, त्याला दुपारच्या आसपासचं ऊन लागतं. सकाळच्या उजेडाचा फायदा वेगळा, शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्री झोप नीट येते. मी मधल्या सुट्टीत डबा घेऊन ग्राउंडवरच जाते.

कृषीनगर ट्रॅक
पहाटे अंधारात उठून चालायचं माझ्याच्यानं होत नाही, आणि आता त्याचं वाईटही वाटून घेत नाही. संध्याकाळी जाते. इच्छा वगैरे काही होत नाही, मैत्रीण बिल्डिंगखाली हॉर्न वाजवत राहते, शेजारी खिडकीतून बघायला लागतात म्हणून उतरते. आठवड्यातून दोनदा वजनं पण उचलतो, हाडांसाठी डॉक्टरांनी सांगितलंय.

स्पष्टच सांगते
मला डिंकाच्या लाडवांनी आणि चालण्यानी काडीचा फरक पडला नाही, फक्त वजन वाढलं (लाडवांनी). रात्रीतून घामानी गाऊन बदलायला लागायचे, झोप नाही तर डोकं कुठून चालणार? शेवटी हार्मोनच्या गोळ्या चालू केल्या. आधी बीपी, मॅमोग्राफी, घरात कुणाला कॅन्सर, पायात गुठळी झालीये का सगळं विचारलं. गर्भाशय आहे म्हणून इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन पण. सगळ्यांना चालत नाहीत त्या, मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून आणू नका. पण विषयच काढायचा नाही हेही नको. मी झोपायला लागले तेव्हा घरातले पण झोपायला लागले.

आडगावकर
बाप्या आहे, चालेल ना? आमच्याकडे आता दोघांच्या रजया वेगळ्या आहेत. निम्मी भांडणं मिटली.

सिडकोकर
दादा, उरलेल्या निम्म्यांवर वेगळा धागा काढा 😂
एक सांगायचं राहिलं. पाळी बंद होऊन बारा महिने उलटल्यावर परत डाग दिसला तर "थंडीनं झालं असेल" म्हणून सोडू नका. माझ्या जावेनं संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या गडबडीत पुढं ढकललं होतं, मी हाताला धरून सोनोग्राफीला नेलं. साधी गाठ निघाली, पण तपासलं म्हणूनच कळलं ना.

धागा काढणारी
बी१२ आणि थायरॉइड उद्याच करून घेते, वेगळी रजई आजच काढते. कृषीनगरवाल्या ताई, संध्याकाळी किती वाजता असता?

कृषीनगर ट्रॅक
साडेपाच. कानटोपी आणा, आणि हॉर्न हवा असेल तर पत्ता मेसेज करा.