क्रियापदामागून येणारा शब्द: तुम्ही कुठे अडखळलात?

इंग्रजी बोलताना क्रियापद वेळेवर आठवते, पण त्याच्यामागून ‘टू’ येणार, ‘विथ’ येणार की काहीच नाही, या प्रश्नाशी गाडी अडते, असा अनुभव मराठी माध्यमातून शिकलेल्या बहुतेकांनी घेतला असेल. सुरुवात मी करते. फोर्टमधल्या एका कचेरीत नोकरीला लागले त्याच आठवड्यात ‘वुई डिस्कस्ड अबाउट द लीज’ असे टिपण मी साहेबांपुढे ठेवले. त्यांनी काही न बोलता ‘अबाउट’वर लाल रेघ मारून कागद परत सरकवला. भाडेपट्ट्याविषयी चर्चा केली, यातले ‘विषयी’ गेले कुठे, हे मला कितीतरी दिवस उमगेना. ‘डिस्कस’ला कर्म थेट लागते, नाम झाले की मात्र ‘डिस्कशन अबाउट’ बिनदिक्कत चालते. आपले अनुभव प्रसंगासकट लिहावेत, नुसत्या याद्या नकोत.

निवृत्त परिचारिका, परळ:
पहिल्या वर्षी रात्रपाळीच्या नोंदीत मी ‘पेशंट कंप्लेन्ड अबाउट चेस्ट पेन’ असे लिहिले होते. निवासी डॉक्टर हसून म्हणाले, “सिस्टर, ‘अबाउट’ कॅन्टीनच्या चहासाठी राहू द्या, छातीसाठी ‘ऑफ’ लिहा.” दुखणे सांगायचे असेल तर ‘कंप्लेन ऑफ’ आणि गाऱ्हाणे मांडायचे असेल तर ‘कंप्लेन अबाउट’, हा भेद तेव्हा कळला. केसपेपरवर ‘सी’, तिरकी रेघ आणि ‘ओ’ अशी जी खूण असते, तिच्यातला ‘ओ’ म्हणजे हाच ‘ऑफ’. ती खूण रोज हाताखालून जात असूनही हे माझ्या ध्यानात आले नव्हते. गंमत अशी की मराठीत आपण ‘छातीत दुखण्याची तक्रार’ असे षष्ठीनेच म्हणतो, म्हणजे त्या रात्री मराठीच्या मागे गेले असते तर चुकले नसते.

गृहनिर्माण संस्थेचा माजी सचिव, गोरेगाव:
पुनर्विकासाच्या सभेच्या इतिवृत्तात मी ‘मेंबर्स ॲग्रीड विथ द प्रपोजल’ असे लिहिले आणि आमच्या वकिलांनी ते खोडून ‘ॲग्रीड टू’ केले. ‘विथ’ने सभासदांना प्रस्ताव पटला एवढेच कळते, ‘टू’ने त्यांनी त्याला संमती दिली असे ठरते. दोन अक्षरांच्या शब्दासाठी इतिवृत्त पुन्हा टंकून घ्यावे लागले.

शिक्षिका, लालबाग:
आम्ही इंग्रजीची मुळाक्षरे पाचवीत गिरवली आणि २००० सालापासून मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आले, तरी ‘लिसन म्युझिक’ दोन्ही पिढ्यांच्या वह्यांत सारखेच सापडते, कारण आपण गाणे नुसते ऐकतो, गाण्याकडे ऐकत नाही. मुलांना मी आधी मराठीच विचारते: भांडतो कोणाशी, रागावतो कोणावर, घाबरतो कोणाला? प्रत्येक क्रियापदाची विभक्ती ठरलेली असते, हे त्यांना स्वतःच्या तोंडून ऐकू आले की ‘लाफ ॲट’ आणि ‘वेट फॉर’ यांची कारणे ती विचारत नाहीत. ‘डिपेंड ऑन’ सर्वांना येते. ‘वर अवलंबून’ तेथे आयते मदतीला धावते. अर्थावरून नियम बसवून देणारी पुस्तके मला फारशी उपयोगी वाटली नाहीत, क्रियापद शेपटासकट पाठ केलेलेच बरे.

एक वडील, बोरिवली:
माझे ‘मॅरीड विथ’ ऐकले की इंग्रजी माध्यमात शिकणारी मुलगी “बाबा, मॅरीड टू” असे लगेच टोकते. लग्न कोणाशी झाले असे आपण विचारतो, त्या ‘शी’चे मी सरळ ‘विथ’ करून टाकतो, हे मला मान्य आहे. परवा माळ्यावरची पेटी उतरवताना तीच म्हणाली, “बाबा, माझी मदत कर ना.” ही हिंदीची ‘मेरी मदद’ होती. “‘मला मदत कर’ म्हण,” असे मी म्हणालो, तेव्हा यात काय चुकले ते समजावून सांग, असा तिने हट्ट धरला आणि तेवढा वेळ पेटी दोघांच्या हातांत अधांतरी राहिली.