ऱ्हो-ए: पट्टी गडद, म्हणून प्रथिन चालू?

मिऱ्याबंदर: काल इथे एकाने ठोकून दिलं, "वेस्टर्न ब्लॉटवर ऱ्हो-ए वाढलेलं दिसलं की ते सक्रिय झालं, पुल-डाउन म्हणजे पैशांचा चुराडा." विद्यार्थी हे वाचतात हो! वेस्टर्न ब्लॉटची पट्टी प्रथिन एकूण किती ते दाखवते; चालू किती, ते मण्यांवर पकडून बघायला पुल-डाउन लागतं. ऱ्हो-ए हे पेशीतलं स्विचसारखं प्रथिन, १९३ अमिनो आम्लांचं; जीडीपी धरलेलं (बंद) असो वा जीटीपी (चालू), नेहमीच्या अँटिबॉडीला दोन्ही सारखंच. बहुतेक साठा जीडीआय या त्याला बंद धरून ठेवणाऱ्या प्रथिनाला चिकटून सायटोसोलमध्ये (पेशीद्रवात) निजलेला असतो. सीरम बंद ठेवलेल्या पेशींना एलपीए (ऱ्होला चालू करणारं लिपिड) द्या: मिनिटांत स्ट्रेस फायबर (अ‍ॅक्टिनचे जाड तंतू) उभे राहतात, एकूण ऱ्हो-ए तेवढंच.

देवगडकर: पुल-डाउनला लागणारे ऱ्होटेकिनचे बीड्स (चालू ऱ्होला पकडणारे मणी) मागवून बघा एकदा. पावसात कुरिअर घाटात अडकलं की पेटीतला कोरडा बर्फ उडालेला. त्यापेक्षा फॅलॉइडिन (अ‍ॅक्टिन तंतू रंगवणारं) लावा, वाय-२७६३२ हे रोधक दहा मायक्रोमोलर घाला, तंतू गेले की झालं सिद्ध.

मिऱ्याबंदर: काय सिद्ध झालं? वाय-२७६३२ ऱ्होच्या पुढचं रॉक कायनेज अडवतं, ऱ्हो नव्हे. ऱ्होच अडवायचं तर सी-३ ट्रान्सफरेज हे विकर, तेही ऱ्होच्या ए, बी, सी तिन्हींना धरतं.

खाडीकाठ: फॅलॉइडिनचं निघालंच आहे तर, थंड मिथेनॉलने फिक्स करणं आधी बंद करा! त्याने अ‍ॅक्टिन तंतूंची घडण मोडते, फॅलॉइडिन बसत नाही आणि "तंतू नाहीत" असा निष्कर्ष निघतो. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड, १० ते १५ मिनिटं, मग ट्रायटन (पेशीचा पडदा सच्छिद्र करणारा डिटर्जंट).

देवगडकर: ते मान्य. पण पुल-डाउनला बर्फ कुठला? मिरकरवाड्याच्या जेट्टीवरचा लादीचा?

खाडीकाठ: तोच चालतो, नळीच्या बाहेर तर राहतो! फक्त तसाच डब्यात ओतू नका. मोठ्या खड्यांत नळी अधांतरी राहते, लायसेट (फोडलेल्या पेशींचा रस) गार होत नाही, आणि त्यातली जीएपी (ऱ्होला बंद करणारी प्रथिनं) तेवढ्यात जीटीपी तोडून मोकळी. बारीक कुटा, थोडं पाणी घाला, नळी गळ्यापर्यंत बुडाली पाहिजे.

देवगडकर: वीज गेली की सेंट्रिफ्यूज बंद, मग कुटलेल्या बर्फाचं काय लोणचं घालू? शहरातल्या प्रयोगशाळेचे नियम इथे लादू नका.

मिऱ्याबंदर: नियम जीटीपीचे आहेत, शहराचे नाहीत. सेंट्रिफ्यूज इन्व्हर्टरवर घ्या, नाहीतर पेशी फोडूच नका. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावणात) मॅग्नेशियम हवंच. खात्रीसाठी एका नळीत ईडीटीए (मॅग्नेशियम काढून घेणारं) आणि जीटीपी-गॅमा-एस (न तुटणारं जीटीपी, ऱ्होला चालूच ठेवतं) घालून १५ मिनिटांनी ६० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइडने थांबवा. त्या नळीतही पट्टी आली नाही, तर बीड्स मेलेत.

देवगडकर: बरं, एकदा पुल-डाउन करायलाच हवं. पण रोजच्या तपासणीला फॅलॉइडिनच. ते मी सोडणार नाही.