हद्दीबाहेरून आगीची वर्दी: आधी पैसे की आधी पाणी?

वेशीबाहेरचा

काल या मंचावर गावातल्या 'मेन रोड' यांनी लिहिलं: "नगरपरिषदेचा बंब आमच्या घरपट्टीतून घेतलाय. हद्दीबाहेर न्यायचा असेल तर आधी अनामत भरा, मग गाडी हलेल. चौदा एप्रिलला, अग्निशमन दिनाला, बंबाला हार घालून सेवेची भाषणं करता, ती सेवा कुणाच्या पैशावर?" त्याखाली धडाधड अंगठे पडले. माझ्या डोक्यातून ते रात्रभर गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मागच्या फेब्रुवारीत भर दुपारी आमच्या शेजारच्या वस्तीवर कडब्याची गंज पेटली. गंजीला लागून गोठा. फोन लागला. पलीकडून पहिला प्रश्न, गाव कुठलं? दुसरा, पावती कुणाच्या नावानं फाडायची? मग म्हणे साहेबांना विचारून सांगतो. गोठ्यात तीन जनावरं, आणि दाव्याऐवजी साखळ्या. साखळी इतकी तापलेली की हात लावता येईना. ओलं पोतं हाताला गुंडाळून कड्या काढल्या. दोन सुटल्या. तिसरी गाभण होती, ती राहिली. बंब आला पन्नास मिनिटांनी. अंतर अकरा किलोमीटर.

गाडीवरच्या पोरांना मी बोल लावत नाही. ती उतरल्या उतरल्या पाइप टाकत पळाली. त्यांना गेटवर थांबवणारा तो नियम आहे ना, त्याला 'मेन रोड' अजून घट्ट करायला निघालेत.

आणि कराचं म्हणाल तर तुमच्या पेठेत गोदाम जळालं तेव्हा आमच्या गावातून सात टँकर आले होते, बागेचं पाणी तोडून. आम्ही कुणाकडे पावती मागितली?

मेन रोड

टँकर आले होते, मान्य. त्याचे आभार तेव्हाच मानलेत.

आता माझं ऐका. दोन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत माझ्या भावाच्या शिलाईच्या दुकानात शॉर्ट सर्किट झालं. संध्याकाळचे सात. बंब कुठे? बावीस किलोमीटरवर, उसाच्या फडात. गावात दुसरी गाडी नाही. आम्ही बादल्या मारत राहिलो. गिऱ्हाइकांचे शालू, ब्लाउजपीस, एका नवरदेवाची शेरवानी, सगळं काळं झालं. भावानं दीड वर्ष लोकांचे पैसे फेडले. शेजारच्या तालुक्याची गाडी आली तेव्हा नुसती राख भिजवायची राहिली होती.

तुमच्या गायीचं वाईट वाटतं, मनापासून. पण एकच बंब, तीन ठेकेदारी ड्रायव्हर आणि भोवतीची सगळी खेडी, हे गणित आमच्या घरपट्टीवर का? राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन आहे, म्हणजे ते नगरपालिकांचं काम. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, त्यात आग हा शब्दच नाही. खेड्याच्या आगीची जबाबदारी या दोन्ही याद्यांत कुणावरच नाही. हे भांडण आमदाराशी करा, आमच्याशी नको.

बंबवाला (निवृत्त)

एकतीस वर्षं नोकरी केली, शेवटची नऊ लीडिंग फायरमन म्हणून. दोघांच्याही पोस्टी वाचल्या.

आधी हिशोब. साडेचार हजार लिटरची गाडी. एक ब्रँच, म्हणजे पाइपाच्या टोकाची नळी, मिनिटाला साधारण साडेचारशे लिटर फेकते. दोन ब्रँच लावल्या की पाच मिनिटांत टाकी कोरडी. पुढचं सगळं दुसरी गाडी, विहीर, टँकर यांच्यावर. त्यामुळे 'आमचा बंब' ही भाषा पाचच मिनिटं टिकते, सहाव्या मिनिटाला तुम्ही दुसऱ्याच्या दारात असता. कुठल्याच गावाचं एकट्याचं भागत नाही, मुंबईचंसुद्धा नाही.

आता चौदा एप्रिल. ते हारतुऱ्यांसाठी नाही. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाज पेटलं. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन स्फोटकं. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. मुंबई दलाचे ६६ जण गेले. आम्हाला प्रशिक्षणात हे सांगताना उस्ताद एकच गोष्ट घोटून घ्यायचे. तिथं पाणी होतं, माणसं होती, पंप होते. नव्हता तो एक हुकूम. जहाज बुडवायचं का बाहेर न्यायचं, हे जागेवर कुणी ठरवायचं तेच ठरलेलं नव्हतं. आपल्या तालुक्यात आजही तेच आहे. फडावर कारखान्याची गाडी येते, पालिकेची येते, आणि दोन्हीकडचे इन्चार्ज एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

दुसरं, कपलिंग, म्हणजे पाइप पाइपाला जोडायचं तोंड. आमचं त्रेसष्ट मिलिमीटरचं, खटकन अडकणारं. एकदा एका कारखान्याचा जुना बंब मदतीला आला, त्याला आट्याचं कपलिंग. त्याच्या टाकीत पाणी भरलेलं, आमची टाकी रिकामी, आणि मध्ये दोन हातांचं अंतर. अडॅप्टर कुणाकडेच नाही. मी फिमेल कपलिंग हातात धरून उभा होतो आणि समोर छप्पर बसलं. पावती, अनामत हे नंतरचं. आधी पाइप पाइपाला लागतो का ते बघा.

आणि खरं सांगायचं तर हंगामात हद्दीबाहेरच्या निम्म्याहून जास्त वर्द्या उसाच्या असतात. त्या लागतात किती आणि लावतात किती, हे मी इथं बोलत नाही.

आडसाली

बोललात की काका! बोलून वर म्हणता बोलत नाही.

सोळा महिने सांभाळलेला ऊस कोण स्वतः पेटवेल? आमच्या फडावरून वीज कंपनीच्या तारा जातात, पोरगं हात वर करून उडी मारेल तर लागतील इतक्या खाली. वारं सुटलं की तारेला तार घासते, ठिणग्या पडतात. तीनदा लेखी अर्ज दिलाय. पोच आहे, उत्तर नाही. जळालं की पंचनामा, पंचनाम्यात 'कारण अज्ञात'. मग कारखाना जळीत म्हणून कपात करतो. वजन गेलं ते वेगळं.

मेन रोड

सगळे तसे नसतील. पण तोड मिळेना म्हणून काडी लावणारे आहेत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. जळीत ऊस लवकर तोडून न्यावा लागतो, म्हणून नंबर पुढे लागतो. त्या काडीसाठी आमचा बंब बावीस किलोमीटर पळाला आणि माझ्या भावाचं दुकान गेलं. त्यावर कुणी बोलणार आहे का?

आडसाली

पुरावा द्या नाहीतर शब्द मागे घ्या. नंबर पुढे लागतो म्हणे! गेल्या साली माझा जळालेला ऊस तीन दिवस फडात वाळत पडला होता. तोडणाऱ्या टोळीनं एकरी 'खुशाली' मागितली, ट्रॅक्टरवाल्यानं 'एन्ट्री' मागितली, दोन्ही वरचे पैसे. काडी लावतात तर लावतात. कोण आणि कुणाच्या फायद्यासाठी, तेही विचारा. पाचट जळालं की सोलायचं काम वाचतं ते माझं नाही.

मुकादम

टोळीवर येऊ नका. माझ्या सोळा कोयत्यांपैकी, म्हणजे तोडणाऱ्या जोड्यांपैकी, एकानं कधी काडी लावलेली दाखवा. जळीत तोडताना काजळी नाकातोंडात जाते, बायाबापड्या रात्रभर खोकतात, पोरं ओळखू येत नाहीत इतकी काळी होतात. आणि फड पेटला की पहिलं काय जळतं? आमची पालं. दोन हंगामांपूर्वी आमच्या चार खोपी गेल्या, धान्य गेलं, उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या रकमेतून, राहिलेले पैसे कापडात बांधलेले होते ते गेले. पंचनामा उसाचा झाला. खोपीचा पंचनामा कुणी केला नाही.

आडसाली

खोपीचं मला माहीत नव्हतं. ते वाईट झालं. पण खुशालीचं उत्तर दिलं नाही तुम्ही.

मुकादम

खुशाली घेतात, नाही कशाला म्हणू? रेट वाढवून द्या, घेणार नाहीत.

वेशीबाहेरचा

मंडळी, विषय बंबाचा होता. उसाचं भांडण खरं आहे, पण ते मिटेपर्यंत आगी थांबणार नाहीत.

एडिसनकर

मूळचा आपल्याच तालुक्याचा, आता न्यू जर्सीत. इथं खूप गावांची दलं स्वयंसेवकांची आहेत. सुतार, शिक्षक, दुकानदार, पेजर वाजला की काम टाकून पळतात. 'मेन रोड' यांची जी भीती आहे, गाडी बाहेर गेली आणि गाव उघडं पडलं, त्यावर इथं साधा उपाय आहे. मोठ्या आगीला आमच्या गावच्या गाड्या गेल्या की तिसऱ्या गावाची गाडी आमच्या स्टेशनात येऊन उभी राहते. आग विझवायला नाही, नुसती राखण करायला. कोण कुणाकडे जाणार हे आधीच कागदावर ठरलेलं असतं.

आणि कपलिंगची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. १९०४ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोर जळालं, दीड हजारांवर इमारती गेल्या. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब आले, आणि अनेकांचे पाइप तिथल्या हायड्रंटला बसेनात, प्रत्येक शहराचे आटे वेगळे.

मेन रोड

तिकडचं नका सांगू. तिकडे गावाला चार-चार गाड्या, इथं एक. तिसरं गाव गाडी कुठून आणून उभी करणार?

बंबवाला (निवृत्त)

तिकडचं राहू द्या, इथलंच घ्या. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांनी मिळून 'मार्ग' नावाचा गट केलाय, एकमेकांच्या आगीला धावून जायला. व्यवसायात ते एकमेकांचे वैरी असतील, पण शेजाऱ्याची टाकी फुटली तर आपण वाचत नाही हे त्यांना कळतं. अशा करारात साधारण पद्धत एकच: मदत आधी, आणि आग विझवायला वापरलेला फोम नंतर भरून द्यायचा. जळणाऱ्याकडे जागेवर पैसे मागत नाहीत.

आपल्याकडे किती गाड्या आहेत मोजा. पालिकेची एक. साखर कारखान्याच्या दोन. सूतगिरणीची एक. शेजारच्या दोन पालिकांच्या मिळून तीन. सात झाल्या. सातांपैकी एकालाही दुसऱ्याचा नंबर पाठ नाही.

वेशीबाहेरचा

काका, हे तुम्ही नोकरीत असताना का झालं नाही? राग मानू नका.

बंबवाला (निवृत्त)

राग येतो, पण प्रश्न रास्त आहे. दोनदा टिपण दिलं होतं. दोन्ही वेळा उत्तर आलं की हद्दीबाहेरचा विषय सभेपुढे ठेवता येत नाही. तिसऱ्यांदा द्यायला हवं होतं. दिलं नाही.

एक मात्र सांगून ठेवतो. हारतुऱ्यांवर पुन्हा बोलू नका. चौदा एप्रिलला आम्ही सलामी देतो तेव्हा माझ्या डोळ्यासमोर नुसतं १९४४ नसतं. ९ मे २०१५ ची काळबादेवीची गोकुळ निवासची आग. प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर, उपप्रमुख सुधीर अमीन, संजय राणे, महेंद्र देसाई. चौघं गेले. दलाचा प्रमुख केबिनमध्ये बसला नाही, आगीवर स्वतः गेला. ही आमची रीत आहे. एक दिवस सगळ्या गाड्या धुऊन, घंटा घासून रांगेत उभ्या करतो, त्यात खोटं काही नाही.

मेन रोड

हारतुऱ्यांचा शब्द मागे घेतो. ते चिडून लिहिलं होतं.

अनामतीचा घेत नाही. म्हणजे जळणाऱ्यानं भरावी असं नाही, गायीची गोष्ट वाचल्यावर तेवढं माझ्यानं म्हणवत नाही. पण ग्रामपंचायतींनी वर्षाला ठरावीक रक्कम पालिकेला द्यावी. माणशी दहा-वीस रुपये. आधी द्यावी, आग लागायच्या आधी. मग फोनवर पावतीचा प्रश्नच येणार नाही.

वेशीबाहेरचा

हे तुम्ही काल लिहिलं असतं तर मी हा धागा काढलाच नसता. आमच्या ग्रामसभेत मी मांडतो. विरोध होईल, लोक म्हणतील आग लागलीच नाही तर पैसे बुडाले. तरी मांडतो. सगळ्यांच्या सहीचा अर्जही लिहायला घेतो. अट आमचीही आहे: फोन आल्यावर गाडी निघायला साहेबांची परवानगी लागता कामा नये. ड्रायव्हरनं घंटा मारायची आणि निघायचं, साहेबांना वाटेतून कळवायचं.

मेन रोड

आणि आमचा बंब बाहेर निघाला की कारखान्याची एक गाडी गावच्या नाक्यावर येऊन उभी राहिली पाहिजे. अर्जात हे वाक्य पहिलं. नाहीतर माझी सही नाही.

आडसाली

कारखान्याची गाडी नाक्यावर उभी, मग हंगामात फडावर कोण? एक गाडी फडासाठी राखीव, हेही लिहा. आणि लोंबणाऱ्या तारांचं काय?

वेशीबाहेरचा

दोन्ही गाड्यांचं लिहिलं. तारांसाठी वेगळा अर्ज करू, पहिली सही माझी. मुकादम, खोपींचा पंचनामा हा मुद्दा तुमच्या नावानं घालू का?

मुकादम

नाव नको, कारखाना उचल देत नाही मग. मुद्दा घाला.

बंबवाला (निवृत्त)

रविवारी सकाळी आठला मी पालिकेच्या गाडीपाशी असेन. कारखान्याच्या ड्रायव्हरशी बोललोय, तो दोन्ही गाड्या घेऊन येतो. कपलिंगं लावून बघू. ज्यांच्याकडे माप घ्यायचा व्हर्नियर असेल त्यांनी आणा, माझा मुलानं हरवलाय.