ओरांडा गोल्डफिशसाठी बुडणारे दाणे कोणते घ्यावेत?

निळीटाकी
नमस्कार मंडळी. नाशिकला घरी दोन फुटी टाकीत दोन ओरांडा आहेत, साधारण तीन-तीन इंचांचे. आतापर्यंत तरंगणारे दाणे घालत आले. पण काळा ओरांडा खाऊन झाला की तासभर शेपटी वर, डोकं खाली अशा अवस्थेत राहतो, मग आपोआप सावरतो. दुकानदार म्हणतात बुडणारे दाणे द्या. त्यांच्याकडे तीन-चार कंपन्यांचे आहेत, शिवाय किलोची सुटी पिशवी जवळपास निम्म्या भावात. कोणते घेऊ? लेकीचा फार जीव आहे त्याच्यावर.

काठावरचा
बुडणारेच घ्या. आकार १ ते २ मिमी. माशाच्या डोळ्यापेक्षा मोठा दाणा नको.

शेवाळ
ताई, दुकानदारांचं बरोबर आहे. दाणा यंत्रातून बाहेर पडताना वाफेने फुगतो, आत हवा राहते, म्हणून तरंगतो. तो वरून टिपताना मासा हवाही गिळतो. ओरांडाचं अंग गोल, आतडी आणि वाताशय (पाण्यात तोल सांभाळणारी हवेची पिशवी) दाटीवाटीने बसलेले, त्यामुळे तोल लगेच जातो. त्यात गोल्डफिशला जठर नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात. म्हणून एकदम मूठभर नको, दिवसातून दोन-तीनदा चिमूटभर.

कंपनी ठरवण्याआधी पाकीट उलटं करून घटक वाचा. जे जास्त वजनाचं ते आधी लिहितात. सुरुवातीला फिशमील (माशांची भुकटी) किंवा क्रिल (कोळंबीसारखा छोटा समुद्री जीव) हवं. पहिली दोन्ही नावं गव्हाचं पीठ आणि सोया असतील तर ते पाकीट ठेवून द्या. पुढे कुठेतरी गव्हाचे अंकुर, स्पिरुलिना (एक प्रकारचं शेवाळ) असेल तर उत्तम, गोल्डफिश मिश्राहारी आहे. प्रथिनं ३० ते ४० टक्के पुरेत. त्याहून जास्त ऑस्करसारख्या मांसाहारी माशांना. इथे ती अमोनिया होऊन पाण्यातच उतरतील.

मी साकी-हिकारीचे फॅन्सी गोल्डफिशचे बुडणारे दाणे वापरतो. महाग आहेत, पण विष्ठा आखूड आणि घट्ट पडते, पाणी गढूळ होत नाही. स्वस्तातलं घ्यायचं असेल तर हीच कसोटी लावा, चांगलं देशी पाकीटही मिळेल.

सुटी पिशवी मात्र अजिबात नको. उघड्या हवेत क जीवनसत्त्व उडतं, तेल खवट होतं, आणि त्यावर तारीख नसते. ढोबळ हिशेब सांगतो: तुमचे दोन मासे महिन्याला २० ग्रॅमच्या आसपास खातील. किलोभर दाणे संपायला चार वर्षं लागतील!

मुठाकाठ
मी दाणे दहा मिनिटं भिजवून घालते, पोटात फुगत नाहीत. आठवड्यातून एकदा उकडलेला मटार, साल काढून, कुस्करून. आमच्या रांचूला (हाही गोल अंगाचा गोल्डफिशच) फरक पडला.

शेवाळ
मटार जरूर द्या. भिजवणं मिनिटभर पुरे. जास्त वेळ ठेवलं तर पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं निघून जातात, आणि त्यासाठीच तर आपण पैसे मोजलेले असतात.

काठावरचा
एक राहिलं. दाणे बदलण्याआधी पाण्यातला अमोनिया आणि नायट्राइट (माशांच्या घाणीतून होणारी विषारी द्रव्यं) तपासा. दोन फुटी टाकीत जेमतेम ५५ लिटर पाणी, त्यात दोन ओरांडा म्हणजे गर्दीच. पाणी बिघडलं असेल तरीही मासा असाच कलंडतो. मग कितीही भारी दाणे घातले तरी उपयोग नाही.

निळीटाकी
सगळ्यांचे मनापासून आभार. अमोनियाचं किट आजच मागवते. बुडणाऱ्या दाण्यांचं १०० ग्रॅमचं पाकीट घेईन. ते फ्रीजमध्ये ठेवलं तर चालेल का? पावसाळ्यात आमच्याकडे सगळ्याला बुरशी येते.

शेवाळ
चालेल. घट्ट झाकणाच्या दोन डब्या करा. आठवड्याचे दाणे छोट्या डबीत बाहेर, उरलेले फ्रीजमध्ये. फ्रीजमधली डबी काढल्याकाढल्या उघडू नका. खोलीइतकी गरम होऊ द्या, नाहीतर आत दव धरतं आणि बुरशी तिथूनच सुरू होते. खवट वास आला तर उरलेले सगळे टाकून द्या.