एक्सेल अ‍ॅड-इन: टास्क पेनमधल्या कंट्रोलची पेरेंट विंडो मिळत नाही

मोजणीदार
नमस्कार. मी मूळचा सिव्हिलवाला, सी-शार्प गरजेपुरतं शिकलोय. ऑफिसातल्या एस्टिमेटसाठी एक्सेलचं व्हीएसटीओ (ऑफिसला डॉटनेटमधून जोड देण्याचं मायक्रोसॉफ्टचं साधन) अ‍ॅड-इन लिहिलंय. उजवीकडे टास्क पेन (बाजूची पट्टी), त्यात एलिमेंटहोस्ट (डब्ल्यूपीएफचा कंट्रोल विनफॉर्म्समध्ये बसवणारा डबा) आणि त्याच्या आत डब्ल्यूपीएफचा यूजरकंट्रोल. (डब्ल्यूपीएफ आणि विनफॉर्म्स म्हणजे डॉटनेटमध्ये विंडो बनवायच्या दोन पद्धती.) ‘दर निवडा’ दाबलं की एसएसआरमधल्या (शासनाच्या दरसूचीतल्या) बाबींची यादी शोडायलॉगने (बंद होईपर्यंत मागचं एक्सेल अडवून ठेवणाऱ्या कॉलने) वेगळ्या विंडोत उघडते.

ही यादी अधूनमधून एक्सेलच्या मागे जाऊन बसते. समोरचं एक्सेल क्लिकच घेत नाही. मग आमचे एस्टिमेटर काका ‘हँग झालं’ म्हणतात आणि टास्क मॅनेजरमधून एक्सेलच मारून टाकतात, सेव्ह न केलेल्या मोजमापांसकट.

डायलॉगला ओनर (ज्या विंडोच्या वर तो राहील ती विंडो) द्यायला हवा हे कळतंय, पण तो आणू कुठून? विंडो.गेटविंडो(धिस) नल देतं. एलिमेंटहोस्टवर फाइंडफॉर्म() मारलं, तेही नल. प्रोसेसचं मेनविंडोहँडल (हँडल म्हणजे विंडोजने विंडोला दिलेला ओळखक्रमांक) एकच वर्कबुक उघडं असेल तर चालतं. काका मात्र एका मॉनिटरवर मोजमापं आणि दुसऱ्यावर अ‍ॅब्स्ट्रॅक्ट उघडून बसतात, आणि यादी भलत्याच वर्कबुकला चिकटते.

रात्रपाळी
ग्लोबल्स.धिसअ‍ॅडइन.अ‍ॅप्लिकेशन.एचडब्ल्यूएनडी (विंडोचं हँडल) घ्या आणि विंडोइंटरॉपहेल्परच्या ओनरला लावा. एका ओळीचं काम. आमच्याकडे बिनबोभाट चालतंय.

खिडकीवाला
मोजणीदार, नल येतंय ते बरोबरच आहे. गेटविंडो डब्ल्यूपीएफची विंडो शोधतं, फाइंडफॉर्म विनफॉर्म्सचा फॉर्म शोधतं. तुमच्या पेनच्या वर यातलं काहीच नाही. तिथे ऑफिसच्या स्वतःच्या नेटिव्ह विंडोंची उतरंड आहे, त्यामुळे डॉटनेट सोडून हँडलच्या वाटेने वर जावं लागतं.

आधी प्रेझेंटेशनसोर्स.फ्रॉमव्हिज्युअल(धिस) घ्या, ते एचडब्ल्यूएनडीसोर्समध्ये कास्ट करा, त्याचं हँडल काढा. ही एलिमेंटहोस्टच्या आतली चाइल्ड विंडो. मग यूजर32 (विंडोजची विंडो सांभाळणारी लायब्ररी) मधलं गेटअ‍ॅन्सेस्टर बोलवा आणि दुसरा आर्ग्युमेंट 3 द्या, म्हणजे जीए_रूटओनर. बरेच जण 2 देतात, जीए_रूट. पेन डॉक असेपर्यंत दोन्हींचं उत्तर एकच येतं, म्हणून टेस्टिंगमध्ये कुणाच्या लक्षात येत नाही. काकांनी पेन ओढून मोकळं सोडलं की ते स्वतःच टॉप-लेव्हल विंडो होतं आणि 2 तिथेच थांबतो. 3 मात्र ओनर धरून वर्कबुकच्या विंडोपर्यंत पोचतो. स्पाय प्लस प्लसमध्ये (विंडोंची उतरंड दाखवणाऱ्या टूलमध्ये) बघा, क्लासचं नाव एक्सएलमेन दिसलं पाहिजे.

हे सगळं बटणाच्या क्लिकमध्येच करा. कन्स्ट्रक्टरमध्ये प्रेझेंटेशनसोर्स नल असतो, कंट्रोल अजून कुठे बसलेलाच नसतो. आणि हँडल साठवून ठेवू नका, दर वेळी नव्याने विचारा.

रात्रपाळींचा उपाय वाईट नाही, पण तो ‘आत्ता अ‍ॅक्टिव्ह कोण’ हे सांगतो, ‘हे पेन कुणाचं’ हे नाही. एक्सेल 2010 पर्यंत सगळी वर्कबुकं एकाच चौकटीत असायची, 2013 पासून प्रत्येकाची वेगळी विंडो. क्लिक केल्या केल्या डायलॉग उघडत असाल तर फरक पडणार नाही. मध्ये अवेट (उत्तर येईपर्यंत थांबणं, तोवर एक्सेल मोकळं) असेल तर पडेल.

मोजणीदार
अवेटच आहे! दर सर्व्हरवरून येतात, आणि तेवढ्यात काका दुसऱ्या मॉनिटरवर पोचलेले असतात. 3 लावलं, आता यादी जागच्या जागी उघडते. शतशः आभार.

आता आणखी एक. दुसरं वर्कबुक उघडलं की त्यात पेन दिसतच नाही. ते पहिल्याच वर्कबुकला चिकटून राहतं. हे याच भानगडीतलं का?

खिडकीवाला
त्याच घरातलं. प्रत्येक विंडोसाठी वेगळं पेन बनवावं लागतं. कस्टमटास्कपेन्स.अ‍ॅडला तिसरा पॅरामीटर म्हणून त्या वर्कबुकची विंडो द्या. मग पेनची .विंडो प्रॉपर्टी एक्सेल.विंडोमध्ये कास्ट केली की तिचं एचडब्ल्यूएनडी थेट मिळतं, यूजर32 ची गरजच उरत नाही. ही एचडब्ल्यूएनडी प्रॉपर्टीही 2013 पासूनचीच. जुनी एक्सेलं सांभाळायची नसतील तर हाच रस्ता धरा. वर्कबुक बंद होताना त्याचं पेन कलेक्शनमधून काढायला विसरू नका.

पोस्टमन
हेच आउटलुकमध्ये करायचं असेल तर? एक्सप्लोररला (आउटलुकच्या मुख्य विंडोला) एचडब्ल्यूएनडी दिसत नाही.

खिडकीवाला
नसतंच. एक्सप्लोरर किंवा इन्स्पेक्टर (एकच मेल उघडलेली विंडो) आयओएलईविंडोमध्ये कास्ट करा आणि त्याचं गेटविंडो बोलवा. हे कॉमचं (विंडोजच्या जुन्या कंपोनंट पद्धतीचं) गेटविंडो आहे, डब्ल्यूपीएफचं नव्हे. इंटरफेस स्वतः डिक्लेअर करावा लागेल, दोनच मेथड आहेत.

रात्रपाळी
माझ्याकडून एक भर. पुढेमागे शोडायलॉगऐवजी शो() (मागचं न अडवणारा कॉल) वापरलंत तर आधी एलिमेंटहोस्ट.एनेबलमोडलेसकीबोर्डइंटरॉप(विंडो) बोलवा. नाहीतर यादीच्या शोधचौकटीत टाइपच होणार नाही, आणि काका पुन्हा टास्क मॅनेजर उघडतील.