पिंजऱ्यातलं अस्वल, घरातला कुत्रा आणि आपला कॅमेरा: तुमचे अनुभव सांगा

मंडळी,

प्राण्यांवर जीव असलेली चार माणसं जमली की दोन विषयांवरून हमखास वाद होतो. प्राणिसंग्रहालयात जाऊन फोटो काढावेत का, आणि घरात कुत्रा पाळावा का. मी दोन्ही करते आणि मनापासून करते. दोन्हींत मला एकच प्रश्न दिसतो: ज्याला आपल्यासमोरून उठून जाता येत नाही, अशा जिवाकडे आपण बघतो कसं? रानातल्या हरणाला कॅमेरा आवडला नाही तर ते पळून जातं. पिंजऱ्यातल्या अस्वलाला आणि पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याला ती सोय नाही.

म्हणून हा धागा. काढलेले फोटो, मुद्दाम न काढलेले फोटो, कुत्रा आणायचा निर्णय, न आणायचा निर्णय, कशावरही लिहा. मोठं लिहा, दोन ओळी लिहा, पण स्वतः पाहिलेलं लिहा. सुरुवात मी करते.

प्राणिसंग्रहालयात गेले की मी सगळे पिंजरे फिरत नाही, एखाद्या प्राण्यासमोर बराच वेळ थांबते. असंच एका अस्वलासमोर थांबले होते. ते भिंतीच्या कडेने कोपऱ्यापर्यंत यायचं, मान डावीकडे झटकायचं, वळायचं आणि परत जायचं. दर खेपेला उजवा पंजा त्याच जागी पडायचा. तिथलं गवत कधीच गेलं होतं आणि माती चकचकीत झाली होती. शेजारी लोक येत होते, फोटो काढत होते, ‘काय रुबाबात चालतंय’ म्हणून पुढे जात होते. फोटोत ते खरोखरच रुबाबदार दिसतं, कारण फोटोत एक पाऊल येतं, फेऱ्या येत नाहीत.

या एकसुरी, निरुद्देश हालचालींना प्राणिवर्तनाचे अभ्यासक ‘स्टिरिओटिपी’ म्हणतात. हत्तीचं जागच्या जागी डुलणं, गज चावत बसणं, सगळं यातच येतं. रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन या संशोधकांनी २००३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत मांसाहारी प्राण्यांबद्दल लिहिलं होतं: रानात ज्यांचा वावर जितका दूरवर, तितक्या बंदिवासात त्यांच्या येरझाऱ्या जास्त आणि पिल्लं दगावण्याचं प्रमाणही जास्त. ध्रुवीय अस्वलाला मिळणारी जागा त्याच्या रानातल्या किमान वावराच्या दहा लाखांश भागाएवढी, असा त्यांचा हिशोब होता. हे वाचल्यापासून मी फोटोसोबत एखादा मिनिटभराचा व्हिडिओही घेते. खरं काय चाललंय ते त्यात कळतं.

आणि याच नजरेने मी घरच्या कुत्रीकडेही बघते. दिवसभर एकटं राहणारं कुत्रं स्वतःच्या शेपटीमागे गरगरतं, पंजा चाटून चाटून लालभडक करतं, आणि त्याचे व्हिडिओ गंमत म्हणून फिरतात. कधी त्यामागे त्वचेचा त्रास असतो, कधी निव्वळ रिकामपण. दोन्ही बाबतींत त्या कुत्र्याला कोणीतरी मदत करायला हवी असते.

*

ताई, चांगला विषय काढलात. मी तंत्राबद्दल लिहितो, कारण नवीन लोक तिथेच अडतात.

जाळी घालवणं फारसं अवघड नाही. कठडा न ओलांडता लेन्स जाळीच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यायची, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) पूर्ण उघडायचं, झूम जास्तीत जास्त ठेवायचा आणि प्राणी जाळीपासून लांब गेला की क्लिक करायचं. जाळी फोकसच्या इतकी बाहेर जाते की फोटोत उरतच नाही. मात्र जाळीवर ऊन असेल तर सगळ्या फोटोवर पांढरट झाक येते. अशा वेळी सावलीतला भाग शोधायचा. काच असेल तर लेन्सच्या तोंडावरचं रबरी हूड (कडं) हलकेच टेकवायचं, काचेसमोर अगदी सरळ उभं राहायचं आणि अंगात गडद कपडे असू द्यायचे. तिरकं उभं राहिलं की जाड काचेमुळे चित्र बोथट होतं. फ्लॅश नकोच. तो काचेवरून उलटून येतो, आणि अंधाराला सरावलेल्या डोळ्यांसाठी तो लखलखाट किती जड असेल याचा विचार करा. मांजरकुळातल्या किंवा कुत्र्यासारख्या प्राण्यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून तर ते डोळे फोटोत हिरवेपिवळे चमकतात.

एवढं सगळं जमलं की फोटो रानातला वाटायला लागतो. खरी जबाबदारी तिथून सुरू होते. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ या स्पर्धेत २००९ साली फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं होतं. तो लांडगा बहुधा माणसाळवलेला होता, असा निष्कर्ष काढून परीक्षकांनी पुढच्या वर्षी ते काढून घेतलं. छायाचित्रकाराने आरोप नाकारला होता. फोटो अप्रतिम होता, आजही आहे. पण रानातल्या लांडग्याची एक झेप मिळावी म्हणून वर्षानुवर्षं थांबणाऱ्या माणसाचा विचार केला की मला परीक्षकांचं पटतं. मी माझ्या प्रत्येक फोटोखाली ‘बंदिवासातला प्राणी’ असं स्पष्ट लिहितो.

*

मी उलट्या बाजूची. प्राणिसंग्रहालयात जाणं मी बंद केलं आहे. फोटो कितीही प्रेमाने काढला तरी तिकिटाच्या पैशावर तो पिंजरा चालतो, आणि मला त्यात वाटा नको. कुत्राही पाळत नाही, कारण घरात दिवसभर कोणी नसतं. गल्लीतल्या कुत्र्यांचं लसीकरण आणि निर्बीजीकरण यासाठी धावपळ करते. माझं प्रेम तिथे खर्च होतं.

*

वरच्या प्रतिसादाबद्दल आदर आहे, तरी दुसरी बाजू मांडतो. अरबी ओरिक्स हे हरणासारखं पांढरंशुभ्र जनावर १९७२ मध्ये रानातून संपलं. प्राणिसंग्रहालयांनी जपलेल्या कळपामुळे १९८२ मध्ये ते ओमानच्या वाळवंटात परत सोडता आलं. प्रझेवाल्स्की घोड्याचंही तेच. रानातून नाहीसा झालेला हा घोडा १९९२ पासून मंगोलियात पुन्हा आणला गेला. अर्थात यामुळे येरझाऱ्या घालणाऱ्या अस्वलाचं दुःख कमी होत नाही, हे मला मान्य आहे.

मला स्वतःला जुन्या फोटोंचा नाद आहे. क्वागा नावाचा एक झेब्रा होता. पट्टे फक्त पुढच्या अर्ध्या अंगावर, मागचा भाग सरळ तपकिरी. जिवंतपणी फोटो काढला गेलेला एकच क्वागा माहीत आहे, लंडनच्या प्राणिसंग्रहालयातली एक मादी. शेवटचा क्वागा १२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. त्या मादीच्या फोटोत मागे साधी भिंत आहे आणि ती कॅमेऱ्याला बाजू दाखवून उभी आहे, बस. पण ती जनावरं उभी कशी राहायची हे आज आपल्याला दिसतं ते त्या काही मोजक्या फोटोंमुळे.

टास्मानियन वाघाचंही असंच. नावात वाघ असला तरी हा कांगारूसारखा पोटाला पिशवी असलेला मांसाहारी प्राणी. शेवटचा ज्ञात प्राणी ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात ७ सप्टेंबर १९३६ रोजी मेला. निसर्ग अभ्यासक डेव्हिड फ्ले यांनी १९३३ मध्ये तिथे घेतलेल्या चलचित्रात एक टास्मानियन वाघ जबडा उघडतो, इतका की बघणारा दचकतो. ती झोपेची जांभई नव्हती, समोरच्याला दिलेली ताकीद होती असं मानतात. कॅमेरा जवळ आल्यामुळे असेल का? मला हा प्रश्न दर वेळी पडतो.

*

जांभईवरून लिहायलाच हवं. कुत्री पाळणाऱ्यांनी ही एक गोष्ट शिकली तरी पुष्कळ फरक पडेल.

लहान मूल कुत्र्याच्या गळ्यात पडलंय, असा फोटो सगळ्यांना गोड वाटतो. पुढच्या वेळी त्या फोटोत मुलाकडे बघू नका, कुत्र्याकडे बघा. कान मागे दाबलेले, तोंड घट्ट मिटलेलं, मान वळवलेली, डोळ्याच्या कडेला पांढरी चंद्रकोर. अधूनमधून जीभ नाकावरून फिरते, जांभई येते. झोप आलेली नसते, जीव अवघडलेला असतो. नॉर्वेच्या प्रशिक्षक टुरिड रुगास यांनी या खुणांवर आयुष्यभर काम केलं. गुरगुरण्याच्या कितीतरी आधी कुत्रा हे सगळं सांगत असतो. ‘अचानक चावला’ असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याने आधी सांगितलेलं कोणी ऐकलेलं नसतं.

‘अपराधी चेहरा’ हाही तसाच प्रकार. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये दाखवलं की तो चेहरा कुत्र्याने खरंच काही केलंय का यावर अवलंबून नसतो, मालक रागावतोय का यावर असतो. काहीच न केलेली कुत्रीही ओरडा बसला की तसाच चेहरा करतात. म्हणजे आपल्याला जो पश्चात्ताप दिसतो, तो खरं तर त्याला आपल्या आवाजाचा वाटलेला धाक असतो.

आमची कुत्री काजळ पूर्ण काळी आहे. कॅमेरा समोर आला की ती तोंड फिरवायची. मोठी लेन्स तिच्यासाठी रोखून बघणारा डोळाच असणार. मग मी कॅमेरा जमिनीवर ठेवून दिला, तिला हवा तितका हुंगू दिला, आणि फोटो काढताना तिच्यासमोर न बसता तिच्या बाजूला जमिनीवर बसायला लागले. आता ती निवांत असते. काळ्या कुत्र्यांसाठी एक सूचना: कॅमेरा काळं अंग बघून फोटो उजळ करायला जातो आणि केस राखाडी येतात. एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) थोडं कमी करा आणि खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या. डोळ्यांत उजेडाचा ठिपका दिसला की चेहरा बोलायला लागतो.

*

मी एका प्राणिसंग्रहालयात स्वयंसेवक आहे, माकडांच्या बाजूला. माझं अर्धं काम म्हणजे लोकांना काच वाजवू नका म्हणून सांगणं. दुसरं अर्धं काम, ‘बघा, हसतोय!’ म्हणणाऱ्यांना समजावणं. चिंपांझी दात विचकतो ते बहुतेक भीतीने. गोरिलाच्या डोळ्यांत डोळे घालून बघणं त्याच्या लेखी आव्हान असतं.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात २००७ मध्ये बोकिटो नावाचा गोरिला पाण्याचा खंदक पार करून बाहेर आला आणि त्याने एका बाईंना गंभीर जखमी केलं. त्या बाई त्याला वरचेवर भेटायला यायच्या, नजरेला नजर द्यायच्या, हसायच्या. तोही आपल्याकडे बघून हसतो असं त्यांना वाटायचं. त्यांचं प्रेम खोटं नव्हतं, आणि हेच मला फार लागतं. नंतर तिथे पुठ्ठ्याचे चष्मे वाटले गेले, ज्यांवर बाजूला बघणारे डोळे छापले होते.

फोटो काढणाऱ्यांना माझी विनंती: मोठ्या नराशी नजर भिडवून ‘कॅमेऱ्याकडे बघणारा’ फोटो मिळवायचा हट्ट सोडा. ते पिल्लाशी खेळताना, गवत चिवडताना, बोटाने फांदीची साल सोलताना बघा. साल सोलणारं बोट किती नाजूकपणे चालतं ते टिपलेला फोटो मला अजून फारसा कुठे दिसलेला नाही.

*

मी भटक्या आणि सोडून दिलेल्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात फोटो काढते, घर मिळावं म्हणून. गोंडस फोटो काढणं सोपं आहे, पण मी प्रत्येक कुत्र्याचा एक फोटो उभ्या माणसाशेजारी काढते. कुत्रा केवढा आहे हे घरच्यांना आधी कळलेलं बरं. एक व्हिडिओ पट्ट्याला ओढतानाचा असतो, एक अनोळखी माणूस आल्यावरचा. यामुळे चौकशा कमी येतात, हे मान्य. पण जे येतात ते त्याच कुत्र्यासाठी येतात.

पिल्लांबद्दल कळकळीने सांगते: आठ आठवडे पूर्ण होण्याआधी आईपासून तोडू नका. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जगाची ओळख करून घेतं. माणसं, आवाज, जिने, इतर कुत्री, सगळं त्याच काळात ओळखीचं व्हायला हवं. आणि चपट्या तोंडाची जात केवळ फोटोत सुंदर दिसते म्हणून निवडू नका. पगची ती घरघर म्हणजे श्वास अडतोय. उन्हात त्याचे हाल होतात.

*

सगळे प्रतिसाद वाचले, आभार. कुत्रा न पाळणाऱ्या ताईंचा विशेष आवडला. घरात कोणी नसतं म्हणून नको, हे कारण फार थोडे लोक वेळेवर लक्षात घेतात.

*

एक उपयोगाची गोष्ट सांगतो. आमचा कुत्रा म्हातारा आहे. मला सवय होती, अधूनमधून तो उभा असताना बाजूने त्याचा फोटो काढायची, नेहमी त्याच भिंतीसमोर. एकदा सगळे फोटो ओळीने लावले आणि फरक डोळ्यांसमोर आला. मागचे पाय हळूहळू पुढे सरकत पोटाखाली आले होते, पाठीला बाक आला होता, छाती पुढे झुकली होती. तो लंगडत नव्हता, कण्हत नव्हता, शेपूटही हलवायचा. फोटो पशुवैद्यांना दाखवले. त्यांनी तपासलं, मागच्या सांध्यांत दुखणं निघालं. पुढच्या पायांवर भार टाकून तो आपलं निभावून नेत होता. आता औषध चालू आहे, निसरड्या फरशीवर सतरंज्या अंथरल्या आहेत आणि जिना बंद केला आहे. पूर्वीसारखा तो पुन्हा स्वतःहून उठून दारापर्यंत येतो.

तुमच्याकडे सात-आठ वर्षांच्या पुढचा कुत्रा असेल तर असे फोटो सुरू करा. सपाट जमीन, कॅमेरा त्याच्या खांद्याच्या उंचीवर, चारही पाय दिसले पाहिजेत आणि त्याला हाताने धरून उभं करायचं नाही, आपणहून उभा राहील तेव्हाच काढायचा. फोनवर काढलेला चालतो. फक्त फिल्टर लावू नका आणि तारीख पुसू नका.