कोटेशनमध्येच वापर लिहून घ्या
मेनूकार्डासाठी काढलेले फोटो हॉटेलवाल्याने होर्डिंगवर लावले, जादा पैसे मागता येतील का, असं एका फोटोग्राफरने विचारलंय. कॉपीराइट कायदा, १९५७, कलम १७ : पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईकच, वेगळा करार नसेल तर! म्हणून कोटेशनमध्येच माध्यम आणि मुदत लिहा, ‘फक्त मेनूकार्ड, एक वर्ष’, आणि शूटआधी सही घ्या.

मिसळीच्या एका फ्रेमसाठी तर्रीवर ब्रशने तेल फिरवत, स्टीलच्या वाटीत दिसणारा सॉफ्टबॉक्स (मऊ उजेड देणारा स्टुडिओ लाइट) काळ्या कार्डाने झाकत आपण तासभर उभे असतो. त्या कामाचं मोल मागायला अजिबात संकोचू नका.

पेमेंट अडकू नये म्हणून उद्यम नोंदणी (छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी) आधीच करून ठेवा. एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायदा, २००६ प्रमाणे पैसे चुकते करायला करारातही ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत ठेवता येत नाही.